प्रश्न विचारल्यावर गप्प बसा

पाचवी-सहावीच्या वर्गात उतारा वाचून झाला की उत्तरं ठरलेली तीन-चार मुलंच देतात. बाकीची ऐकत नाहीत अशी आपली शिक्षकांची तक्रार असते. पण ऐकायची गरजच पडू नये अशी सोय आपणच करून ठेवलेली असते: सूचना तीनदा सांगायची, प्रश्न दोनदा विचारायचा आणि मुलाचं उत्तर आपल्या तोंडून पुन्हा म्हणून दाखवायचं. यातली शेवटची सवय सगळ्यांत वाईट. सर मोठ्याने परत सांगणारच आहेत, तर मागच्या बाकावरच्या पोरीचं कोण ऐकेल? तिचा आवाज पोचला नाही तर तिलाच वर्गाकडे वळून पुन्हा सांगू द्या.

उतारा साधारण 150 शब्दांचा घ्या. सावकाश वाचला तर दीड मिनिट लागतं. विषय ओळखीचा हवा, पण पुस्तकातला नको, नाहीतर मुलं पाठांतरातून उत्तर देतात आणि ऐकलं किती ते कळत नाही. धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठची फड पद्धत, म्हणजे पाणी वाटून घ्यायची जुनी रीत, चांगली चालते. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात एकच पीक आणि पाणी सोडायला पाटकरी. छोट्याशा मजकुरात कारणं भरपूर.

वाचण्याआधी एकच काम द्या: "पाणी कोण सोडतो आणि शेतकरी स्वतः का सोडत नाही, एवढं कानात ठेवा." पहिल्या वाचनाला पेन खाली. दुसऱ्या वाचनाला जास्तीत जास्त पाच शब्द टिपायचे. वाक्यं लिहू दिली की कान बंद होतात. तिसरं वाचन नाही. एप्रिलच्या उन्हात, पत्र्याखाली, हा तास सकाळी पहिलाच घ्यावा.

"पाणी कोण सोडतो?" हा प्रश्न फक्त सुरुवातीला. खरं काम पुढच्या प्रश्नांचं. ज्याने त्याने आपापल्या वावरात पाणी वळवलं तर आधी कुणाचं पीक वाळेल? एकाच फडात अर्धा ऊस आणि अर्धी बाजरी लावली तर पाटकऱ्याची काय अडचण होईल? याचं उत्तर उताऱ्यात आयतं नसतं, पण उतारा नीट ऐकल्याशिवाय सुचतही नाही.

मग थांबा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवलं की प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम 1 सेकंद थांबतात. तेच 3 सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात, "माहीत नाही" कमी होतं. मनात एक, दोन, तीन मोजा. उसा-बाजरीसारख्या प्रश्नाला सातपर्यंत. तोवर कुणी हात वर करायचा नाही. आधी प्रश्न, मग नाव. नाव आधी घेतलं की उरलेला वर्ग सुटतो. नावं आइसक्रीमच्या काड्यांवर लिहून डब्यात ठेवा आणि काढलेली काडी परत डब्यात टाका, नाहीतर एकदा बोललेलं मूल तासभर निवांत. घोटाळा होतो तो दुसऱ्या सेकंदाला: शांतता सहन न होऊन आपण प्रश्न सोपा करून परत विचारतो आणि मुलाने जुळवत आणलेलं मोडतं.

उत्तर आल्यावरही तेवढंच थांबा. पुष्कळदा "कारण" तिथेच येतं. लगेच "बरोबर" म्हणालात तर विचार संपला. त्याऐवजी, "उताऱ्यात काय ऐकलंस म्हणून असं वाटतं?" दुसऱ्याला बोलायचं असेल तर त्याने आधीच्या मुलाचं म्हणणं अगोदर आपल्या शब्दांत सांगायचं.

अवघड प्रश्नाआधी जोडीने एक मिनिट बोलू द्या, घरच्या बोलीत. अहिराणी, लेवा बोली, सातपुड्याकडे पावरी. "शेवटना वावरले पानी भेटाव नही म्हनीसन" (शेवटच्या वावराला पाणी मिळणार नाही म्हणून) हे अहिराणीतलं पूर्ण, सकारण उत्तर आहे. आधी त्या विचाराला दाद द्या, प्रमाण मराठीत नंतर मांडून घ्या. पहिल्याच शब्दाला "शे नाही, आहे म्हण" असं टोकलं की मूल महिनाभर तोंड उघडत नाही.

चुकीची उत्तरं तपासताना एवढं बघा: तपशीलच चुकला तर वाचन घाईचं झालं किंवा आवाज मागे पोचला नाही. तपशील बरोबर पण कारण चुकलं, तर उतारा पुन्हा वाचू नका. प्रश्नाचे दोन तुकडे करा.