सोहोचे फोटो कसे बघायचे
सोहो हे सूर्यावर नजर ठेवणारं यान १९९५ पासून अवकाशात आहे, पृथ्वीपासून साधारण १५ लाख किमीवर, आणि त्याच्या लास्को कॅमेऱ्यांचे फोटो नेटवर फुकट दिसतात. लाल फोटो सी२ कॅमेऱ्याचा, सूर्याजवळचा, निळा सी३ कॅमेऱ्याचा, लांबपर्यंतचा. रंग खोटेच आहेत हां, नंतर भरलेले. मधली गोल तबकडी सूर्य नाही, सूर्य झाकायला लावलेलं झाकण आहे, खरा सूर्य कुठे आणि केवढा ते त्यावर काढलेलं पांढरं वर्तुळ दाखवतं. एकच फोटो बघून काही कळत नाही, आधी व्हिडिओ लावा, मग फुग्यासारखं काही बाहेर पसरताना दिसलं की तो सीएमई, म्हणजे सूर्यातून बाहेर फेकलेला तप्त वायूचा मोठा लोट. आडवी रेघ असलेला ठिपका यूएफओ नाही, तो ग्रह, पिक्सेल ओव्हरलोड होतात म्हणून रेघ उमटते. आणि शेपटीवाला ठिपका सूर्याकडे सरकत असेल तर धूमकेतू, असे ५०००च्या वर सापडलेत, बरेचसे हौशी लोकांनीच शोधलेले!