प्रांतिक ग्रीक नाण्यांवरील संक्षेप वाचताना

रोमन साम्राज्याच्या पूर्व प्रांतांतील ग्रीक लेखांची नाणी वाचू लागणारा बहुधा सम्राटाच्या मुखवट्याभोवतीच्या अक्षरांपासून सुरुवात करतो. माझा अनुभव असा, की नाणे आधी उलटावे आणि मागच्या बाजूवर गावाचे नाव शोधावे, कारण संक्षेपाचा अर्थ गावागणिक बदलतो.

शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि सिग्मा हे अक्षर बहुतेक वेळा रोमन ‘सी’सारखा अर्धचंद्राकार असतो, त्यामुळे लेख कुठे तोडायचा हेच प्रथम कळत नाही. अशा वेळी ओमेगा आणि न्यू ही अक्षरजोडी शोधावी. गावाचे नाव बहुधा षष्ठीच्या बहुवचनात, म्हणजे ‘अमुक गावकऱ्यांचे’ अशा रूपात येते आणि याच जोडीने संपते.

सम्राट तिसऱ्या गॉर्डियनचे (कारकीर्द इ.स. 238 ते 244) मार्कियानोपोलिस येथील नाणे घेऊ. हे गाव म्हणजे आजच्या बल्गेरियातील देवन्या. मागच्या बाजूला उप्सिलॉन-पाय ही दोन अक्षरे, मग ‘मेनोफिलू’, मग ‘मार्कियानोपोलितोन’ असा लेख येतो: मेनोफिलोस राज्यपाल असताना मार्कियानोपोलिसकरांनी पाडलेले नाणे. आरंभीची दोन अक्षरे राज्यपालाच्या पदाची आहेत हे कळले, की पुढचे विशेषनाम आपोआप सुटे होते.

याच नाण्यावर चित्राशेजारी एकटा एप्सिलॉन असेल, तर ते मूल्य आहे, पाच असारिया (असारिया हे तिथल्या किरकोळ नाण्यांचे एकक). तोच एप्सिलॉन अलेक्झांड्रियाच्या नाण्यावर रोमन ‘एल’सारख्या खुणेपुढे आला, तर सम्राटाच्या कारकीर्दीचे पाचवे वर्ष समजावे. तिथे वर्ष इजिप्ती पंचांगाने, ऑगस्टअखेरीस बदलत असे. म्हणून जुलैत गादीवर आलेल्या सम्राटाचे पहिले वर्ष काही आठवड्यांतच संपे. कालनिर्णय करताना ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

दर्शनी बाजू त्यामानाने सोपी असते. आल्फा-उप्सिलॉन-ताउ म्हणजे ‘औतोक्रातोर’, अर्थात सम्राट, त्यानंतरचे कप्पा हे अक्षर ‘कैसार’चे, आणि सिग्मा-एप्सिलॉन-बीटा म्हणजे ‘सेबास्तोस’, ऑगस्टस या पदवीचा ग्रीक पर्याय.

झिजलेल्या नाण्याचे वाचन ऑक्सफर्डच्या ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज’ या ऑनलाइन सूचीशी ताडून पाहावे, मात्र त्याआधी आपले वाचन कागदावर उतरवावे: डोळ्यांना दिसलेली अक्षरे तशीच, संक्षेप फोडून घातलेली अक्षरे गोल कंसात आणि झिजलेल्या जागी तर्काने भरलेली चौकटी कंसात.