अटलांटाला येणाऱ्या सांगलीकरांनो, मार्चमध्ये खिडक्या बंद ठेवा

दरवर्षी ऑगस्टमध्ये वालचंद कॉलेजची पोरं येतात, मिरज-कुपवाडकडची नवीन लग्न झालेली जोडपी येतात, घर, गाडी, लायसन्स, क्रेडिट कार्ड सगळं विचारून घेतात, पण मार्चबद्दल एकजण विचारत नाही. आपल्याकडं अ‍ॅलर्जी म्हणजे फार तर गाजर गवत, नाहीतर फडातला पाला पेटवल्यावर येणारा ठसका. इथं झाडांच्या परागकणांचं प्रकरण लई मोठं आहे. २९ मार्च २०२५ ला अटलांटात एका घनमीटर हवेत १४,८०१ परागकण मोजले, तो इथला रेकॉर्ड, आणि १,५०० च्या वर गेलं की ‘अतिशय जास्त’ धरतात.

पहिल्या वर्षी बहुतेकांना काहीच होत नाही. शरीर त्या कणांवर बिथरायला एकदोन सीझन जातात, मग अचानक डोळे चुरचुरायला लागतात, रात्रभर शिंका, आणि लोक म्हणतात कोरोना झाला. आणि गाडीवर बसते ती पिवळी पूड पाईनची, ती जड असते, तिचा त्रास त्यामानानं कमी. खरा त्रास ओक आणि बर्च या झाडांचा, त्यांचे कण डोळ्याला दिसतच नाहीत, त्यामुळं पावसानं पिवळं धुऊन गेलं म्हणजे संपलं असं समजू नका.

आता खिडक्या. आपल्याला पहाटे उठून दारंखिडक्या उघडल्याशिवाय करमत नाही, आणि मार्च-एप्रिलला सांगलीच्या उन्हातून सुटका म्हणून आई-बाबांना बोलवायची पद्धत पडलीय. आई पाचला उठते, सगळं घर उघडं टाकते, तिला स्वतःला काही होत नाही कारण ती पहिल्यांदाच आलेली असते, आणि नातवंडं दिवसभर नाक पुसत बसतात. आल्या दिवशीच प्रेमानं सांगा, आई, मे उजाडेपर्यंत खिडकी नको. कपडे बाहेर वाळत घालू नका. डेकवर पापड-कुरडया तर अजिबात नको, उचलाल तेव्हा त्यावर पिवळा थर असेल. इथली माणसं खिडक्या उघडत नाहीत म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो, पण या दोन महिन्यांत त्यांचंच बरोबर आहे. एसीचं बिल येईल, येऊ दे.

आणि आता जे मी प्रत्येकाला सांगतो ते. घराच्या एसीचा हवा गाळणारा फिल्टर बदला. फिल्टर बदला. भिंतीत किंवा छताला मोठी जाळी असते तिच्यामागं तो असतो, अपार्टमेंटमध्ये असाल तर ऑफिसात विचारा कधी बदलला होता, उत्तर गुळमुळीत आलं तर स्वतः आणा. मर्व्ह १३ चा घ्या (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याचा आकडा), तुमच्या मशीनला झेपत नसेल तर ११ चा. साइज जुन्याच्या कडेवर छापलेली असते. फिल्टरवरचा बाण हवा ज्या दिशेनं जाते तिकडं करून बसवा. एरवी तीन महिन्यांनी, पण मार्च ते मे दर महिन्याला काढून बघा. आपल्याच भागातल्या एका घरानं फोनवर आलेल्या माणसाचं ऐकून डक्ट, म्हणजे एसीची हवा खेळवणारे पाइप, साफ करून घेतले, वर ओझोन सोडणारं मशीन घेतलं, शेकडो डॉलर गेले, पोराचा खोकला वाढला, आणि जाळी उघडून बघितली तर आत फिल्टर काळाकुट्ट. ओझोन फुप्फुसाला घातक असतो. ‘आयन’, ‘ओझोन’ लिहिलेलं काही घेऊ नका, कितीही स्वस्त असो. हवेचा प्युरिफायर घ्यायचाच तर साधा हेपावाला, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा, बेडरूमपुरता, १५० चौरस फुटांच्या खोलीला सीएडीआर (तो किती हवा साफ करून देतो त्याचा खोक्यावरचा आकडा) निदान १०० हवा.

बाहेरून आलं की चपला दारात, हे आपल्याला सांगायला नको. पण कपडेही लगेच बदला, बाहेरच्या जीन्सवर गादीवर लोळू नका. आपली अंघोळ सकाळची, या सीझनमध्ये ती रात्री झोपायच्या आधी करा, डोक्यावरनं, कारण केसातलं सगळं उशीवर उतरतं.

गावाकडची गोधडी आणली असेल तर जपा, पण धूळकिडे तिच्यात मजेत राहतात, आणि अटलांटाची हवा दमट. चादरी आणि अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात, ५४ सेल्सिअसच्या वर, धुवा. गोधडीला ते सोसत नसेल तर ड्रायर गरमवर फिरवा. घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत ठेवा.

जलनेतीचं भांडं आणलं असेल तर चांगलंच, नाक धुतल्यानं खूप फरक पडतो. पण नळाचं पाणी कधीच घालू नका. उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातला अमिबा नाकावाटे मेंदूत गेल्यानं इथं माणसं दगावलीत, क्वचित होतं, पण झालं तर वाचणं अवघड.

उदबत्ती-धूप या दिवसांत कमी करा.

ग्रुपवर कुणीतरी लोकल मध खायला सांगेलच. मधमाश्या फुलांचे कण आणतात, त्रास देणारे ओक-बर्चचे कण वाऱ्यानं येतात, मधानं त्यावर काही होत नाही. घरनं आणलेली सिट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी चालते, पण नाकातला स्टेरॉइड स्प्रे जास्त कामाचा, तो इथं चिठ्ठीशिवाय मिळतो, आणि फेब्रुवारीतच सुरू करावा लागतो. लहान पोरांना द्यायचा असेल किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरला विचारा, आणि त्यांची अपॉइंटमेंट जानेवारीतच घ्या, मार्चमध्ये मिळत नाही.