युरोपीय पाहुण्यांची माहिती आणि जीडीपीआर: कोकणातील होमस्टे-चालकांनी काय करावे

मालवण, तारकर्ली किंवा गुहागर येथे होमस्टे चालवणाऱ्याला एखाद्या जर्मन पाहुण्याने ‘माझी सर्व माहिती पाठवा आणि मग पुसून टाका’ असे कळवले, तर घाबरून फोन रिकामा करण्यापूर्वी युरोपीय संघाचा जीडीपीआर हा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याला लागू होतो का, हे पाहावे. संघाबाहेरच्या व्यवसायाने तेथील लोकांना उद्देशून सेवा देऊ केली असेल किंवा त्यांच्या तेथील वर्तनावर लक्ष ठेवले असेल, तर तिसऱ्या कलमानुसार तो कक्षेत येतो. संकेतस्थळ बर्लिनमध्ये उघडते एवढे त्यासाठी पुरेसे नाही. जर्मन भाषेतील पान, युरोमधील दर, तेथे केलेली जाहिरात या खुणा पाहिल्या जातात. फिरता फिरता दारात येऊन खोली विचारणारा पाहुणा केवळ जर्मन आहे म्हणून कायदा लागू होत नाही.

लागू असल्यास एका महिन्यात उत्तर द्यावे. प्रकरण गुंतागुंतीचे असेल तर आणखी दोन महिने मिळतात, पण तसे पहिल्याच महिन्यात कळवावे लागते. पाहुण्याच्या माहितीचा शोध नोंदवहीपुरता ठेवू नये. पासपोर्टची झेरॉक्स, व्हॉट्सअ‍ॅपवरील फोटो आणि विशेषतः स्कूबा डायव्हिंगपूर्वी भरून घेतलेला आरोग्याचा अर्ज यांतच खरी जोखीम असते, कारण आरोग्यविषयक माहितीला नवव्या कलमाचे विशेष संरक्षण आहे. परदेशी पाहुण्यांची जी नोंद भारतीय कायद्याने ठेवावी लागते, ती मात्र पुसू नये. येथे एक पेच आहे: पुसण्यास नकार देण्यासाठी जीडीपीआर जे कायदेशीर बंधन ग्राह्य धरतो, ते संघाच्या किंवा त्याच्या सदस्य देशांच्या कायद्याचे, म्हणून भारतीय नियमाचा नुसता उल्लेख न करता, ती नोंद ठेवण्यात आपले न्याय्य हित कोणते, हेही उत्तरात लिहावे.

कायदा लागू असलेल्या बाहेरच्या व्यवसायाने संघात आपला प्रतिनिधी लेखी नेमावा, असे सत्ताविसावे कलम सांगते. अधूनमधून होणाऱ्या, कमी जोखमीच्या माहिती-वापराला सूट आहे. प्रतिनिधी नसल्याबद्दल लोकांचे पत्ते व फोन क्रमांक प्रसिद्ध करणाऱ्या लोकेटफॅमिली डॉट कॉम या संकेतस्थळाला नेदरलँड्सच्या माहिती-संरक्षण नियामकाने केलेला ५,२५,००० युरोचा दंड २०२१ मध्ये जाहीर झाला.

दंड करणे आणि तो वसूल करणे यांत मात्र मोठे अंतर आहे. परदेशी न्यायालयाचा हुकूमनामा भारतात अमलात आणण्याची सोय करणारे दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ४४अ भारताशी परस्पर व्यवस्था असलेल्या देशांच्या हुकूमनाम्यांपुरते असून त्यातून दंडाची रक्कम वगळलेली आहे. तेव्हा युरोपातील नियामक सिंधुदुर्गच्या न्यायालयातून थेट वसुली करील, ही भीती अनाठायी आहे. खरा दबाव करारातून येतो. पाहुणे पाठवणारी युरोपीय पर्यटन कंपनी नियामकाच्या आवाक्यात असते आणि आपली जबाबदारी ती करारातून आपल्यावर टाकू पाहते. त्यामुळे सही करण्यापूर्वी, माहिती फुटल्यास किती तासांत कळवायचे आणि भरपाई कोणी द्यायची, ही कलमे वकिलाकडून तपासून घ्यावीत.