वलय-दीर्घिकांतला ऑक्सिजन मोजताना मी जिथे फसले

कार्टव्हीलसारख्या, दुसऱ्या दीर्घिकेच्या टकरीने वलय पडलेल्या वलय-दीर्घिकांच्या तारकानिर्मिती प्रदेशांवर काम सुरू करत असाल, तर आधी आर-२३ बद्दल, म्हणजे वायूतला ऑक्सिजन मोजायच्या गुणोत्तराबद्दल ऐका. माझे आठ महिने त्यात गेले आणि ते अजून सलतात.

३७२७, ४९५९ आणि ५००७ अँगस्ट्रॉमच्या ऑक्सिजन रेषांची बेरीज भागिले हायड्रोजनची एच-बीटा रेषा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण ऑक्सिजन वाढेल तसं हे गुणोत्तर आधी चढतं आणि मग उतरतं. वायूला थंड करणारा ऑक्सिजनच. तो फार झाला की तापमान घसरतं आणि याच रेषा मंदावतात. म्हणजे एका आकड्याची दोन उत्तरं: कमी ऑक्सिजनची खालची शाखा आणि जास्त ऑक्सिजनची वरची. माझ्या एका प्रदेशासाठी ऑक्सिजनचं प्रमाण (१२ + लॉग O/H) खालच्या शाखेवर ८.१ येत होतं, वरच्या शाखेवर ८.७. लॉगच्या मापात ०.६ म्हणजे जवळजवळ चौपट! दीर्घिका मोठी आणि तेजस्वी, म्हणून मी सरसकट वरची शाखा धरली. वलय थेट सूर्याच्या ८.६९ ला जाऊन भिडलं आणि मी हरखून गेले.

६५८४ ची नायट्रोजन रेषा मात्र हायड्रोजनच्या एच-अल्फा रेषेच्या कुशीत जेमतेम दिसत होती. वरची शाखा खरी असती तर ती ठसठशीत हवी होती. पहिल्या दिवसापासून ती पडद्यावर होती, मी पाहिलीच नाही. टकरीची लाट चकतीच्या बाहेरच्या भागातला, कमी धातूंचा (म्हणजे ऑक्सिजनसारखी जड मूलद्रव्यं कमी असलेला) वायू पेटवते. कार्टव्हीलच्या बाह्य वलयात ऑक्सिजन कमी असल्याचं तर १९७७ मध्येच छापून आलं होतं.

शाखा नायट्रोजन-ऑक्सिजन गुणोत्तरावरून ठरवा: ६५८४ भागिले ३७२७, त्याचा लॉग साधारण -१.२ च्या वर असेल तरच वरची. त्याआधी धुळीने खाल्लेल्या प्रकाशाची दुरुस्ती कराच, कारण धूळ निळा प्रकाश जास्त खाते आणि या दोन रेषा वर्णपटाच्या दोन टोकांना आहेत. एच-अल्फा भागिले एच-बीटा हे धूळ नसतानाच्या २.८६ पेक्षा किती जास्त आहे ते बघा.

दुसऱ्याची तयार स्क्रिप्ट घेऊ नका. शाखेचा निर्णय तिच्यात कुठेतरी आधीच घेतलेला असतो. आणि महिन्याभरात आलेख मागणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा वर्णपट उघडून शेजारी बसणारा माणूस शोधा, मग तो कनिष्ठ का असेना.

वायूचं तापमान सांगणारी ४३६३ ची ऑक्सिजन रेषा सापडली नाही तर खचू नका. ती ५००७ पेक्षा अनेकदा शंभरपट मंद असते, भल्याभल्यांना मिळत नाही. मिळाली तर तापमान थेट काढा. नाही मिळाली तर सगळ्या प्रदेशांना एकच कॅलिब्रेशन (रेषांच्या गुणोत्तरावरून ऑक्सिजन काढायचं सूत्र) लावा, दोन पद्धतींचे आकडे एका नकाशात मिसळू नका.

मी आता प्रत्येक वर्णपट कागदावर छापते, ६५८४ पाशी पेन्सिलने खूण करते आणि मगच शाखा लिहिते.