मतदानाच्या हक्काचा कायदा शिकवायचाय? आधी मतदार यादी वाचा

"मॅडम, मतदानाच्या हक्कावरच काम करायचंय, त्याचा कोर्स कुठे मिळेल?" एलएलएमची मुलं हे हमखास विचारतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा विषय संविधानाच्या पेपरात नाहीतर ऐच्छिक म्हणून भेटतो. हा विषय शिकवायचा तर वाट नेहमीचीच आहे: एलएलबी, संविधान घेऊन एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी), नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा), पीएचडी. सुरुवातीला तासिका तत्त्वावर काम करायची तयारी ठेवा. जागा निघते ती विधी विषयाची. निवडणूक कायद्यातलं नाव आपल्या अभ्यासानेच होतं.

प्रौढ मताधिकार देणारा संविधानाचा अनुच्छेद ३२६ सगळ्यांना पाठ असतो. पण यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, म्हणून मी १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याआधी मतदार याद्यांचा १९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदा शिकवते. त्याचं कलम २० सांगतं की माणूस तात्पुरता बाहेरगावी गेला म्हणून त्याचा सर्वसाधारण रहिवास, म्हणजे ज्यावरून त्याचं नाव कुठल्या यादीत हे ठरतं तो, संपत नाही. हे वाचताना बीडच्या ऊसतोड मजुरांचा विचार करा. टोळी कारखान्यावर गेली तरी नाव गावच्या यादीत राहतं. पण २० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचं मतदान झालं ते नेमकं हंगामाच्या तोंडावर. गावी येऊन मत द्यायचं तर प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी कोण देणार? हक्क शाबूत आहे, पण बजावता येत नाही. माझ्या मते आपल्या विषयातलं खरं संशोधन इथे आहे.

नाव वगळण्याचा भागही असाच बारकाईने वाचा. नमुना ७ भरून कुणाच्याही नावावर हरकत घेता येते. मुंबई आणि दिल्लीतल्या मतदारांना नागरिकत्व सिद्ध करायला सांगितलं गेलं, तेव्हा १९९५च्या लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की आधीपासून यादीत असलेलं नाव म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय काढता येणार नाही. हा निकाल मूळातून वाचा, गाइडमधून नको.

वर्गात सगळ्यात जास्त वाद होतो तो १९५१च्या कायद्यातल्या कलम ६२(५)वर. तुरुंगातला कच्चा कैदी मत देऊ शकत नाही. शिक्षा झालेला पण जामिनावर बाहेर असलेला देऊ शकतो. गुन्हा शाबीत न झालेल्या, जामिनाची रक्कम भरता न आल्यामुळे आत राहिलेल्या माणसाचं मत जातं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. १९९७मध्ये अनुकूल चंद्र प्रधान खटल्यात न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. २०१३पासून तर कोठडीत असलेल्याला निवडणूक लढवता येते, मत मात्र देता येत नाही.

पीएचडीचा विषय ठरवण्याआधी एकदा यादीच्या पुनरीक्षणाच्या काळात बीएलओबरोबर (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर) वस्तीत फिरा. भाडेकरूचं नाव कुठे अडतं, लग्न होऊन आलेल्या सुनेकडे कुठला कागद मागतात, ते वहीत लिहून घ्या, आणि मगच प्रस्ताव लिहायला बसा.