केळीचा कंद सोलल्याशिवाय खड्ड्यात टाकू नका

पावसाळी लागवड तोंडावर आली की मुनवे (केळीच्या बुडाशी कंदासकट फुटणारी पिल्ले) काढायची घाई होते. खणले, मुळांना माती तशीच, ढीग घातला आणि दुसऱ्या दिवशी खड्ड्यात. केळीत सूत्रकृमी (मुळे खाणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) बहुतेक वेळा शिरतात ते इथूनच, कंदात बसून. पुढे दहा महिने कितीही औषध ओता, आत बसलेल्यापर्यंत ते नीट पोहोचत नाही.

नुकसान दिसते ते घड भरल्यावर. जमीन ओली, थोडा वारा आणि झाड घडासकट मुळापासून उपटून आडवे. खोड बुडाशी मोडून पडले असेल तर आधी कंदात सोंडकिडा (कंद पोखरणारा भुंगा) शोधा. मुळे घेऊन उपटले असेल तर सूत्रकृमीचा संशय धरा. मुळी उभी चिरून बघा. साल तांबूस-तपकिरी आणि मधली शीर अजून पांढरी असेल, तर ते बहुधा मूळ पोखरणाऱ्या सूत्रकृमीचे काम. गाठी दिसल्या तर मूळगाठ सूत्रकृमी. एकाच झाडावर दोन्ही असू शकतात. हिरवेगार झाड बघून गाफील राहू नका. ज्या ओळीत मुनवे बारीक आणि उशिरा फुटतात तिथली मुळे आधी उकरावीत. हा अंदाजच, पण बरेचदा खरा ठरतो.

आता कंद. सगळी मुळे छाटा. धारदार कोयत्याने वरची साल साधारण १ सेंमी जाडीने काढा, कंद पांढरा दिसेपर्यंत. तांबडा ठिपका राहिला तर तिथे आणखी खोल सोला. सोलूनही ठिपके संपत नसतील तर तो कंद फेका, मोह नको. सोलणे नव्या वावराबाहेर करा. साली खड्ड्याशेजारी पडू दिल्या तर सगळी मेहनत वाया जाते, आणि नेमकी हीच चूक सर्रास होते.

सोलल्यावर ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २० मिनिटे. कंद टाकताच पाणी थंडावते, म्हणून पारा परत ५५ वर आला की तिथून वेळ मोजा. तापमापी हवीच, हात घालून अंदाज चालत नाही: पाणी कमी तापले तर किडे जगतात, जास्त तापले तर डोळा (कंदावरचा कोंब) मरतो. एका खेपेला एकाच आकाराचे कंद घ्या. बाहेर काढून सावलीत निथळू द्या. जुन्या बागेच्या मातीवर ठेवू नका.

ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे सूत्रकृमीमुक्त असतात, पण पिशवीतली माती तशी असेलच असे नाही. रोप पिशवीतून काढून दोन-चार मुळे बघा.

लागवडीची बाकी कामे:
- खड्ड्यात कुजलेले शेणखत १० किलो, निंबोळी पेंड २५० ग्रॅम.
- पर्प्युरिओसिलियम लिलासिनम ही सूत्रकृमींना मारणारी जैविक बुरशी लेबलवरच्या मात्रेत, शेणखतात मिसळून.
- ओळींत झेंडू. दोन महिने तरी उभा ठेवा.
- ताग फुलावर येण्याआधी गाडा.
- आंतरपीक म्हणून टोमॅटो, वांगी, भेंडी नको, मूळगाठ वाढते.
- जुन्या वावरातून आलेली अवजारे धुऊन घ्या. तिथले वाहते पाणी आत येऊ देऊ नका.

जुन्या पत्रकांत झाडामागे ४० ग्रॅम कार्बोफ्युरान हे दाणेदार कीटकनाशक छापलेले आढळेल. ते अतिशय विषारी आहे, अनेक देशांत बंद आहे, आणि एकाच जमिनीत वारंवार टाकले तर तिथले जिवाणू ते लवकर पचवून टाकतात. दुकानात 'पांढरी मुळी वाढवणारे' म्हणून महागडे ह्युमिक (मुळांच्या वाढीसाठी विकले जाणारे द्रव्य) हाती दिले जाते. मुळी फुटेलही, पण आतला किडा तीही खाईल. त्या पैशात तापमापी आणि पेंड येते.

बाग आधीच बाधित असेल तर पाऊस जोर धरायच्या आत निसवलेल्या (घड बाहेर पडलेल्या) झाडांना टेकू द्या, बुडाला माती चढवा आणि तिथला एकही मुनवा दुसरीकडे नेऊ नका. खोडवा (त्याच कंदावरचे पुढचे पीक) न ठेवता केळीचे सगळे कंद उपसून किमान सहा महिने केळीशिवायचे पीक घ्या. मधे आपोआप उगवलेली केळी दिसली की लगेच काढा; एक झुडूप राहिले तरी किड्यांची सोय होते.